दारावरचा आकडा

पिनर, लंडन
ता. २ नोव्हेंबर २०२५, रविवार

चंदाबाई हिला धाकट्या भावाचा, यादवाचा, जयभीम.

इकडे सगळे ठीक. तिकडचं मात्र "आजी बरी आहे" एवढ्यावर माझं भागत नाही. गुडघा कसा आहे, रात्री उठताना दिवा लावतेस की तशीच चाचपडत जातेस, जावयाच्या मोरीतली फरशी अजून निसरडी आहे का, हे सगळं रचनाकडून लिहवून घे. तू घसरलीस तेव्हापासून मला त्या फरशीचीच स्वप्नं पडतात.

रचना बाळ, हे आजीच्या डाव्या कानाशी बसून वाच. मोठ्यानं वाच आणि काही गाळू नकोस. फोनवर आजीला ऐकू येत नाही आणि मला बोलता येत नाही, म्हणून ही पत्रं. तुझी आई रेखा हसते तर हसू दे.

गेल्या रविवारी इथं घड्याळं एक तास मागं केली. दर हिवाळ्याला करतात. घरातली बाकीची आपोआप फिरतात, माझं मनगटावरचं तेवढं हातानं फिरवावं लागतं. मी ते फिरवलं आणि विसरून पुन्हा फिरवलं. दोन दिवस प्रेशरची गोळी तासभर उशिरा गेली. प्रबुद्ध म्हणाला, "दादा, काही होत नाही." माझ्या मुलाला कशानंच काही होत नाही. सगळं मलाच होतं.

आता मुख्य बातमी. प्रबुद्धची दीक्षा मला इजिप्तला नेणार आहे. दीक्षा आठवते ना? तुझ्या मांडीवर बसून भाकरीचा नुसता पापुद्रा खाणारी. ती आता इथल्या एका म्युझियममध्ये जुन्या दगडांची देखभाल करते. मऊ ब्रशनं धूळ काढते, चीर गेली असेल तर भरते. मी तिला दगडांची नर्स म्हणतो.

इजिप्तच्या दक्षिणेला नुबिया म्हणून मुलूख आहे. अर्धा इजिप्तमध्ये, अर्धा सुदानमध्ये. तिथल्या काळ्या राजांनी आणि राण्यांनी हजारो वर्षांपूर्वी देवळं बांधली, पिरॅमिड बांधले. पिरॅमिड सुदानच्या बाजूला आहेत आणि तिथं लढाई चालू आहे, म्हणून तिकडे जायचं नाही. हे ऐकून मला आधी बरंच वाटलं, कारण मला चढवत नाही. मग लाज वाटली. तिथं माणसं मरतायत आणि मी माझे गुडघे बघतोय.

पिरॅमिड नाहीत तर निदान त्यांचा तुकडा बघा, म्हणून परवा दीक्षानं मला लंडनच्या मोठ्या म्युझियममध्ये नेलं. एका पिरॅमिडला लागून असलेल्या खोलीची अख्खी भिंत तिथं आणून उभी केली आहे. भिंतीवर राणी कोरलेली. चंदाबाई, ती अगदी तुझ्यासारखी. नाजूकबिजूक नाही. भरलेले दंड, आणि बसायची तऱ्हा अशी की ऊठ म्हणायची कुणाची छाती होऊ नये. मी म्हटलं, "ही तर आमची चंदाबाई!" दीक्षा म्हणाली, "आजोबा, हा राणी दोन हजार वर्षं जुना आहे." तिचं मराठी असंच आहे, बायकांचे पुरुष करते. पण बोलते.

पलीकडे दगडी ताटं मांडली होती. वर भाकरी आणि घागरी कोरलेल्या, कडेला पन्हळ. मेलेल्या माणसाला पाणी द्यायची ती जागा. पाणी ओतायचं, ते पन्हळीतून खाली मातीत जायचं. मला बा आठवला. त्याला पुरला ती जागा धरणाखाली गेली, आता त्याला पाणी द्यायला कुणी जायची गरज नाही. हे मी दीक्षाला बोललो नाही, तुलाच लिहितोय.

येताना गाडीत तिनं सांगितलं, इजिप्तमध्ये धरण बांधलं तेव्हा तिथली देवळं बुडणार होती. तर करवतीनं कापली, दगडादगडावर नंबर घातला, उंचावर नेली आणि नंबराप्रमाणे परत जोडली. मी म्हटलं, अगं, हे काम मीसुद्धा केलंय! आमचं गाव धरणात जायचं होतं तेव्हा सातवी शिकलेला, अक्षर बरं, म्हणून मोजणीच्या साहेबानं मला रोजावर घेतलं. डांबराचा डबा आणि ब्रश. ज्या दारावर आकडा त्याला नव्या गावठाणात जागा. दोनशे सहा दारं, नऊ दिवस, एक आकडा वाकडा नाही. दीक्षा खूश झाली. म्हणाली, "मग सगळ्यांना नवीन घर मिळाला?" तेवढ्यात आमचं स्टेशन आलं.

तुझ्या अर्जाचा निरोप रचनानं दिला. यंदाचाही मीच लिहितो, तू चिंता करू नकोस. जागेच्या अर्जाला एक महिना इकडे तिकडे झाला तर बिघडत नाही. इजिप्तहून आलो की निवांत लिहितो.

बॅग तीनदा तोलली. तिन्ही वेळा वेगळी भरली.

तुझा धाकटा,
यादव


पिनर
ता. ३० नोव्हेंबर

चंदाबाईला जयभीम.

सुखरूप परत आलो. गोळ्या पुरल्या, पासपोर्ट हरवला नाही, दोनदा हरवला असं वाटलं तेवढंच.

रचना, हे पत्र आजी जेवल्यावर वाच. आधी नको. घरात बाकी कुणी असेल तर दार लोटून घे. मध्ये आजी गप्प झाली तर काही विचारू नकोस. पाणी दे आणि पुढं वाच.

आधी देवळाचं सांगतो. चार राजे डोंगराला पाठ लावून बसलेत. चारही पुतळे एकाच राजाचे. एकेक पाऊल माझ्या पलंगाहून लांब. सकाळचं ऊन त्यांच्या तोंडावर पडलं आणि चंदाबाई, मी खरं सांगतो, मी टोपी काढली. का काढली माहीत नाही. आमच्याबरोबर सालेह नावाचा वाटाड्या होता, नुबियातलाच, चाळिशीचा. तो हसला. म्हणाला, "बाबा, टोपी घाला. हा राजा आमचा नाही. आमच्या लोकांना दरारा बसावा म्हणून त्यानं इथं येऊन बांधलं." मी टोपी घातली.

सगळे लोक राजाचं तोंड बघत होते, मी सांधे शोधत होतो. जवळून बघितलं तर केसासारखी रेघ दिसते. मी बोट लावायला गेलो तर पहारेकरी ओरडला. दीक्षा म्हणाली, "आजोबा, हात नाही लावायचा! मी असे लोकांना रोज ओरडते." तिच्याकडे जुने फोटो होते. कापलेले दगड वाळूत ओळीनं ठेवलेले, प्रत्येकावर आकडा. राजाच्या कानावर आकडा, ओठावर आकडा. मी त्या फोटोवर फार वेळ थांबलो. आकडा घालणाऱ्याचा हात चांगला होता.

दुसऱ्या दिवशी मोठ्या धरणाजवळून बोटीनं एका बेटावर गेलो. तिथंही उचलून आणलेली देवळं आहेत. मला पाण्याची भीती वाटते हे तुला माहीत आहे. धरणाच्या पाण्याची जास्त. मी बोटीच्या मधोमध बसलो आणि खाली बघितलं नाही. सालेहनं दक्षिणेकडे हात केला आणि काहीतरी सांगू लागला. तो इंग्रजीत भरभर बोलतो, दीक्षा मला मराठीत सांगत होती.

त्याच्या आजोबांचं गाव तिकडं पाण्याखाली आहे. गाव सोडायच्या दिवशी बायकांनी घराच्या भिंतींचे मुके घेतले. त्याची आजी त्या बायकांत नव्हती. तिचा नवरा कैरोला खानसामा होता, ती त्याच्याकडे गेली होती. आणि मोजणी झाली तेव्हा जी माणसं घरात हजर होती त्यांनाच नव्या गावात घर. आजी परत आली तर तिच्या नावाला काही नाही. उरलेलं आयुष्य तिनं बहिणीच्या अंगणात काढलं.

"आजोबा, तिला कोणी मोजलंच नाही," दीक्षा म्हणाली. मग तिचे डोळे मोठे झाले; तुझं घर मोजायचं राहिलं एवढं तिनं प्रबुद्धकडून ऐकलं होतं. "चंदाआजीसारखं!"

मी मान हलवली.

"पण आजोबा, नंबर तर तुम्ही घालत होता. मग तुम्ही चंदाआजीचा का नाही घातला?"

तिनं आरोप केला नाही. तिला खरंच कळलं नव्हतं. बावन्न वर्षांत हे मला कुणी विचारलं नाही. तू नाही, आई नाही, माझी बायको नाही. सगळ्यांनी साहेबालाच दोष दिला. मी दीक्षाला म्हटलं, मळमळतंय, बोट हलतेय. सालेहनं खिशातून लिंबू काढून दिलं. ते चोखत मी किनारा येईपर्यंत बसून राहिलो. बोट हलत नव्हती.

आता लिहितो. हात थांबायच्या आत लिहितो.

तुला आठवत असेल, तुझा नवरा वारल्यावर तू तीन वर्षांच्या रेखाला घेऊन परत आलीस. वर्षभर आपण एकत्र होतो. मग आईचं आणि तुझं ज्वारीवरून वाजलं आणि तू आपल्या घराच्या उजव्या अंगाला कुडाचं खोपटं घातलंस. स्वतः घातलंस. चूल मांडलीस. बा गेलेला, घरात पुरुष म्हणून मी विसाचा. मोजणीचा नियम साहेबानं पहिल्या दिवशीच मला सांगितला होता: चूल वेगळी, तर आकडा वेगळा. छप्पर बघू नको, चूल बघ.

आपल्या वस्तीवर आलो तो चौथा दिवस. साहेबाबरोबर पाटलाकडची चार माणसं फिरत होती, कुणाचं घर किती मोठं लिहितात ते बघायला. आपल्या घरावर मी सत्याऐंशी घातला. साहेब तुझ्या खोपट्याकडे वळला. "हे कुणाचं?" मी म्हटलं, बहिणीचं. तू नदीवर धुणं घेऊन गेली होतीस.

तेव्हा त्यातला एक जण हसून म्हणाला, "काय रे यादव, एका बहिणीला घास घालायची ऐपत नाही? वेगळी चूल थाटून दिलीस?" बाकीचे हसले. साहेबही थोडा हसला.

साहेबानं विचारलं, "चूल वेगळी आहे का?"

मी म्हणालो, "नाही साहेब. ती आमच्यातच जेवते."

चंदाबाई, तुझ्या कुडातून धूर येत होता. साहेबानं धुराकडे बघितलं, मग माझ्याकडे. "मग धूर कसला?" मी म्हणालो, "अंघोळीचं पाणी तापतंय."

त्यानं वहीत लिहिलं. मी ब्रश डब्यात बुडवला आणि तुझ्या दारावरून पुढं जाऊन शेजारच्या आप्पाच्या दारावर अठ्ठ्याऐंशी घातला. माझा हात थरथरला नाही. तो आकडासुद्धा सरळ आला.

तू धुणं घेऊन आलीस आणि विचारलंस, "माझ्या दाराला का नाही रे?" मी म्हणालो, साहेब नंतर येणार आहे. मला वाटलं होतं रात्री जाऊन त्याला खरं सांगेन. रात्री वाटलं सकाळी सांगेन. सकाळी वाटलं, काल खोटं बोललो म्हणून रोज बंद करतील. नऊ दिवस संपले.

अजून आहे. तुझं आणि रेखाचं नाव आमच्या चुलीत लिहिलं गेलं, म्हणून आमची माणसं दोनाची चार धरली आणि नव्या गावठाणात जागा मोठी मिळाली. विहिरीकडची ती मोकळी बाजू, जिथं मी पेरूचं झाड लावलं आणि पेरू सगळ्यांना वाटले, ती तुझी होती. तुलाही त्यातले पेरू पाठवले मी.

आणि अर्ज. दर वर्षी तू सांगायचीस, मी लिहायचो. "मोजणीच्या वेळी साहेबांच्या नजरचुकीने अर्जदाराचे घर राहून गेले." माझ्या अक्षरात. दर अर्जाला "अक्षर किती छान काढलंस" म्हणून तू मला चहा द्यायचीस. साहेबाची नजर चुकली नव्हती, बाई. त्याला धूर दिसला होता.

घर बांधलं तेव्हा मी तुला म्हटलं होतं, माझ्याकडे राहा, एक खोली तुझी. तू म्हणालीस, "भावाच्या घरात राहायला आकडा लागत नाही. मला माझा आकडा पाहिजे." मग रेखाचं लग्न झालं आणि तू जावयाच्या दारात गेलीस. तो चांगला आहे, तुला काही कमी करत नाही, मला माहीत आहे. पण प्रत्येक दिवाळीला तू फोनवर म्हणतेस, "मरायला तरी आपलं दार असावं." तेव्हा मी रचनाला म्हणतो, आवाज येत नाही, ठेवतो. आवाज येत असतो.

मी माफी मागत नाही. तू लगेच "जाऊ दे" म्हणशील आणि ते मला सोपं जाईल.

सालेहनं शेवटच्या दिवशी आम्हाला त्याच्या घरी नेलं. त्यांच्यात दारावरच्या भिंतीत चिनी मातीची बशी बसवतात. सगळ्यांच्या घरांना असते, रंगीत, लांबून चमकते. मी बाजारातून एक घेतली. निळ्या काठाची. मफलरात गुंडाळून मांडीवर धरून आणली. दीक्षानं विचारलं, कुणाच्या दाराला? मी तिला सगळं विमानात सांगितलं. तिनं माझा हात धरला आणि दगड पुसते तसा अंगठ्यानं पुसत राहिली.

'तुझा' लिहायला हात धजत नाही.

यादव


पिनर
ता. २१ डिसेंबर

चंदाबाईला जयभीम.

रचनाचा फोन काल आला. तो येईपर्यंत मी दाराची पत्र टाकायची फट दिवसातून दहादा उघडून बघत होतो. पत्र हरवलं असेल तरी भीती, पोचलं असेल तरी भीती. रचना म्हणाली, पत्र वाचल्यावर तू चार दिवस कुणाशी बोलली नाहीस. जेवत होतीस हे तिनं आधी सांगितलं म्हणून मी पुढचं ऐकू शकलो. पाचव्या दिवशी कोथिंबीर निवडताना तू जे म्हणालीस ते तिनं लिहून घेतलं होतं, ते मला वाचून दाखवलं:

"त्याला म्हणावं, पाणी नव्हतं तापत. अंघोळ मी उजाडायच्या आत करायची, पुरुषमाणसं उठायच्या आधी. हुलगे शिजत होते. निम्मे त्याच्यासाठी काढून ठेवले होते, उन्हातनं आकडे घालून येईल म्हणून. आणि म्हणावं, अर्ज लिही. या वेळेला नीट लिही. धुराचं पण लिही."

ते हुलगे मी खाल्ले होते. मला आठवतंय. त्यात लसूण होता.

अर्ज सोबत आहे. चार वेळा फाडला. प्रबुद्धनं वाचला आणि म्हणाला, "दादा, इतक्या वर्षांनी याचा उपयोग होईल का?" मी म्हटलं, माहीत नाही. पण फायलीत माझ्या अक्षरातले इतके खोटे कागद आहेत, एक खरा असू दे. रचना, हा भाग सावकाश वाच:

"मी, यादव लिंबाजी ओव्हाळ, सध्या राहणार लंडन, लिहून देतो की, मोजणीच्या वेळी घरांवर आकडे घालण्याचे काम मी स्वतः केले. माझी बहीण चंदाबाई हिची चूल वेगळी होती. चुलीवर हुलगे शिजत होते व धूर बाहेर दिसत होता. चार लोक हसतील या लाजेने मी साहेबांना चूल एकच आहे असे खोटे सांगितले. ही साहेबांची नजरचूक नव्हती. आधीच्या सर्व अर्जांतील तसे लिहिणे माझे आहे व ते खोटे आहे. चंदाबाईला हे माहीत नव्हते."

खाली अंगठा तुझा. तू सही शिकली आहेस हे मला ठाऊक आहे, पण जुने सगळे अर्ज तुझ्या अंगठ्याचे आहेत, म्हणून तसं लिहिलं. तुला सही करायची असेल तर सही कर. सहीच कर.

कचेरी काय करेल ते करेल. मी वीस जानेवारीला येतोय, तिकीट काढलं आहे, दीक्षाही येते. रजिस्ट्री करणाऱ्याशी प्रबुद्ध फोनवर बोलला आहे. विहिरीकडची बाजू मोजून, रेघ मारून तुझ्या नावानं करायची. हे मी देत नाही, तू घेऊ नकोस. तुझं आहे ते तुझ्याकडे येतंय. पेरूचं झाड तुझ्या हद्दीत येतं. ठेव किंवा काढ. पत्र्याच्या दोन खोल्या चटकन होतात. मोरीची फरशी मात्र मी स्वतः बघणार, खडबडीत घालायची. रेखाला म्हणावं, आईला एकटं टाकणार नाही, शेजारी मी आहे. उन्हाळ्यापर्यंत तरी आहे.

ब्रश आणि काळा रंग तिकडेच घेईन, विमानात चालत नाही. साहेबाच्या रीतीप्रमाणे सत्याऐंशीनंतर राहिलेल्या घराला सत्याऐंशी अ येतो. दारावर तो मी घालीन. हात आता थरथरतो, आकडा वाकडा येईल. वाकडा आला तर चालेल का ते कळव. वर निळी बशी बसवू.

चूल तू मांड. गॅस असू दे घरात, पण एक मातीची मांड, बाहेरून दिसेल अशी. पेटवशील त्या दिवशी मी माझ्या दारात उभा राहून धूर बघेन. आपण होऊन येणार नाही. तू हाक मारलीस आणि वाटीभर हुलगे दिलेस तर येईन.

तुझ्या वेगळ्या चुलीचा साक्षीदार,
यादव